चाल कुणाची

"आता पाळणा येईल," शेजारच्या आजी माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आणि तो आधी कुणी गायलाय, ठाऊक आहे का तुम्हाला? वासनेनं!" एवढं सांगून त्या गालातल्या गालात हसल्या, मांडीवरची लोकरी शाल नीट केली आणि समोर बघत बसल्या. पहिला भाग नुकताच संपला होता. आमच्या पाठीमागे, वर, वाद्यं पुन्हा सुरात लावणं चाललं होतं. इतका वेळ दाबून धरलेला खोकला सगळ्यांनी एकदमच मोकळा केला होता. कोण वासना, तिनं कुठे गायलं, हे विचारायला सवडच मिळाली नाही. दुसरा भाग सुरू झाला आणि त्यातलं ते गाणं आलं तेव्हा मी ते धड ऐकूही शकले नाही आणि न ऐकता राहूही शकले नाही. एका चांगल्या घरच्या माणसाची ओळख करून देताना कुणीतरी हळूच त्याचं जुनं लफडं सांगावं, तसं झालं.

जर्मनीतल्या लायप्झिगचं थॉमस चर्च. संगीतकार बाख इथे १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, कांटोर होता. रविवारच्या उपासनेचं संगीत त्यानं करायचं, शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं, वर शहराच्या बाकीच्या मोठ्या चर्चमधल्या संगीताकडेही बघायचं. मुलांचा तो गायकवृंद अजून आहे. तो १२१२ पासूनचा, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्याही आधीचा. डिसेंबरात ही मुलं आणि शहरातला गेवांडहाउस वाद्यवृंद मिळून बाखचा ख्रिसमस ओरॅटोरिओ, म्हणजे येशूजन्माची गाण्यांतून सांगितलेली गोष्ट, करतात. माझं तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, खांबामागचं. इथून काही दिसणार नाही, असं त्यावर स्पष्ट छापलेलं. पण आत गेल्यावर कळलं की पुढची महागडी माणसंही फारशी काही बघत नव्हती. गाणारे-वाजवणारे सगळे मागच्या, पश्चिमेकडच्या माडीवर, ऑर्गनपाशी. बाकांची तोंडं वेदीकडे. म्हणजे संगीत आपल्या पाठीशी आणि डोळ्यांसमोर, वेदीपाशी, जमिनीत बसवलेली बाखच्या कबरीची ब्राँझची पाटी, तिच्यावर फुलं. हाडंही इथली नव्हेत. त्याला पुरलं होतं गावाबाहेरच्या योहानिस चर्चच्या आवारात. ते चर्च दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात गेलं आणि १९५० मध्ये त्याला इथे आणलं.

गायकाचा चेहरा न बघता गाणं ऐकायची मला सवय नाही. आपल्याकडे समोर बसलेला गवई हातानं सूर ओढून दाखवतो, तानेच्या टोकाला डोळे मिटतो, समेवर तबलजीकडे बघतो, आणि त्या सगळ्यातून निम्मं गाणं पोचतं. इथे माझ्यापुढे ओल्या लोकरीच्या कोटांची एक रांग, पांढऱ्या छतावर लालसर दगडाच्या फासळ्या आणि एका म्हाताऱ्याच्या मानेवरची वळी. कोट कुणीच काढले नव्हते. दगडी जमिनीचा गारवा बुटाच्या तळव्यातून वर चढत होता. बाहेरच्या नाताळबाजारातून आत आलेल्या माणसांच्या अंगाला भाजलेल्या बदामांचा आणि गरम, लवंग-दालचिनी घातलेल्या वाइनचा वास होता.

आणि त्या सगळ्यात अचानक, पाठीमागून, ढोल.

ढोल म्हणजे टिंपनी. आपल्या नगाऱ्याची चुलत बहीण. दीडशे माणसांचा श्वास धरलेला असताना दुसरं एकही वाद्य न वाजता फक्त टिंपनीचे मोजके ठोके पडतात, मग बासरी एक पाऊल टाकून बघते, पुन्हा ठोके, मग सनईच्या जातीतले ओबो, आणि मग तुताऱ्या उसळतात. गाणारी मुलंही आधी त्या ठोक्यांचीच नक्कल करतात, सगळी एका सुरात, खालच्या पट्टीत: आनंद करा, जल्लोष करा. देवाच्या जन्माची गोष्ट नगाऱ्यानं का सुरू व्हावी, असं मला तेव्हाही वाटून गेलं होतं. उत्तर घरी येऊन वाचल्यावर मिळालं, आणि ते उत्तर म्हणजे आजींच्या वाक्याचाच मोठा भाऊ. ही सुरुवात मुळात ख्रिस्ताची नाहीच. ८ डिसेंबर १७३३ ला, लायप्झिग ज्या राज्यात होतं त्या सॅक्सनीच्या अधिपतीची पत्नी आणि पोलंडची राणी हिच्या वाढदिवसासाठी बाखनं केलेलं हे संगीत. त्याचे शब्द होते: वाजा रे नगाऱ्यांनो, निनादा रे तुताऱ्यांनो, तारांनो, हवा भरून टाका. म्हणजे नगाऱ्याला वाज म्हटलं आणि तो वाजला, इतकं सरळ. वर्षभरानं, १७३४ च्या नाताळात, तेच संगीत वेगळ्या शब्दांनी चर्चमध्ये गेलं. बर्लिनच्या ग्रंथालयात त्याच्या हातची प्रत आहे. तिच्यात नगाऱ्यांचेच जुने शब्द चुकून लिहिलेले आणि मग खोडून नवे घातलेले दिसतात. हात सवयीनं जुन्याकडे गेला. पहिल्या भागात खर्जातल्या गायकाचं 'हे महान प्रभो, बलवंत राजा' असं एक तुतारीवालं गाणं आहे, तेही राणीच्याच स्तुतीचं. राणीच्या जागी राजा आणि राजाच्या जागी देव, एवढाच बदल.

पैशांचं गणित बघितलं तर यात गैर काही दिसत नाही. चर्चबाहेर बाखचा १९०८ सालचा पुतळा आहे, त्याच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर काढलेला आहे. शिल्पकाराला काय म्हणायचं होतं त्याच्या कथा इथले लोक सांगतात, पण रिकामा खिसा रिकामाच दिसतो. एका मित्राला १७३० मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यानं तक्रार केली आहे की लायप्झिगमध्ये महागाई फार, वरिष्ठांना संगीताचं काही नाही, आणि गेल्या वर्षी हवा निरोगी राहिल्यामुळे प्रेतयात्रा कमी निघाल्या, त्यात आपलं उत्पन्न बुडालं. प्रत्येक अंत्यविधीच्या संगीताचे त्याला थोडे पैसे मिळत. गावात माणसं मरत नाहीत म्हणून चरफडणारा, घरभर पोरं असलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. ड्रेस्डेनच्या, म्हणजे सॅक्सनीच्या, दरबाराकडून एखादी पदवी मिळाली तर इथल्या मंडळींपुढे वजन वाढेल, म्हणून तो राजघराण्याच्या वाढदिवसांना संगीत करायचा आणि ते चर्चमध्ये नव्हे तर त्सिमरमानच्या कॉफीगृहात सादर व्हायचं. वाढदिवस एकदाच होतो. राणीचं नाव गुंफलेलं गाणं दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाचं नसतं. एवढं उत्तम काम कपाटात कुजवण्यापेक्षा ते नाताळातल्या सहा उपासनांना लावलं. २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत, सणाच्या एकेका दिवसाला एक भाग. मी ज्याला सलग कार्यक्रम म्हणून ऐकत होते, तो तेव्हा दोन आठवड्यांवर पसरलेला होता आणि मधे लांबलचक प्रवचनं होती. आम्ही ऐकले ते त्यातले पहिले तीन.

तर तो पाळणा. दुसऱ्या भागात मेंढपाळांची रात्र आहे. चार ओबो एकत्र वाजतात, त्यातले दोन जरा घोगरे, रानातले. वर बासऱ्या आणि व्हायोलिनं, आणि सगळं मिळून झुलत राहतं. मग देवदूत येतो, बातमी देतो, आणि खर्जातला गायक मेंढपाळांना सांगतो: जा, त्या बाळाच्या पाळण्यापाशी जा आणि हे गा. लगेच अल्टोचा, म्हणजे बाईचा खालच्या पट्टीतला, आवाज. म्हणजे गोष्टीप्रमाणे हा पाळणा मेंढपाळांनी म्हणायचा आहे. पण बाईचा तो भरलेला, थोडा खालचा आवाज ऐकल्यावर तो मरियेचा सोडून दुसऱ्या कुणाचा मानायला मन तयार होत नाही. पहिलाच शब्द 'झोप' असा आहे आणि तो ती इतका लांब धरते की ऐकताना आपलाच श्वास संपतो. खाली मंद्रात एकच सूर पुन्हा पुन्हा पडत राहतो, पाळण्याची दोरी ओढल्यासारखा. एक बासरी तिच्या आवाजाच्या वरच्या सप्तकात तेच सूर घेत जाते, पण इतकी बेतानं की ती बासरी आहे हे मला बऱ्याच वेळानं कळलं. तोवर मला वाटत होतं, त्या बाईच्याच आवाजाला वरून चकाकी आहे.

हे मूळचं गाणं ५ सप्टेंबर १७३३ चं. सॅक्सनीचा युवराज अकरा वर्षांचा झाला त्या दिवशीचं. नाट्यप्रसंग असा की ग्रीक पुराणातला महाबली, तरुण हर्क्युलिस, दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे; एका बाजूला वासना, दुसऱ्या बाजूला सद्गुण. वासना त्याला गाऊन झोपवू बघते. युवराजांनी अर्थातच सद्गुणाची वाट धरायची असते, म्हणून तर वाढदिवस. (बिचाऱ्याला पुढे राज्य मिळालं १७६३ मध्ये, आणि अडीच महिन्यांत तो देवीच्या रोगानं गेला. मोहात पडायला सवडही मिळाली नाही.) गंमत म्हणजे पाळण्याची पहिली ओळ जवळजवळ तीच राहिली आहे: झोप, माझ्या लाडक्या. पुढच्या ओळीपासून वाटा फुटतात. वासना म्हणते, पेटलेल्या विचारांच्या मागे जा, मर्यादा ओळखू नकोस. पाळणा म्हणतो, आता झोप, मग सगळ्यांच्या कल्याणासाठी जाग. पट्टी तेवढी थोडी खाली आणली आहे.

माझी मावशी सांगलीला असते आणि गेली कित्येक वर्षं तिचं भजनी मंडळ आहे. या मंडळाचा मला तरुणपणी भारी राग यायचा. विठ्ठलाचा गजर एका कॅबऱ्याच्या गाण्याच्या चालीवर, देवीची आरती नायिका पावसात भिजते त्या गाण्याच्या चालीवर. बायका डोळे मिटून, टाळ्या वाजवत म्हणायच्या आणि मला डोळ्यांपुढे ती भिजलेली नायिकाच दिसायची. एकदा मी मावशीला हे बोलून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. "तुला दिसते ती," ती म्हणाली, "मला नाही दिसत. चाल टाळीला धरते की नाही, एवढंच बघायचं." पुढे लक्षात आलं की आपल्या सगळ्या घराण्याचंच खातं असं आहे. किर्लोस्करांच्या नाटकातल्या पदांवर चाल छापलेली असायची, आणि ती कधी साकी-दिंडीची, कधी लावणीची, कधी कानडी पदाची. कोठ्यावरच्या ठुमरीचा मुखडा रंगभूमीवर आला की तो नायिकेच्या शालीन विरहाला चालायचा, आणि नाटकातून तो कीर्तनात शिरला की थेट रुक्मिणीच्या तोंडी. कुणी दचकायचं नाही. गोव्यात फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं तेही ओवीत. ज्या मापानं लोक ज्ञानेश्वरी म्हणत होते त्याच मापात येशूचा जन्म मोजून दिला. ऐकणाऱ्यांच्या कानाला वाट आधीच माहीत होती.

जर्मन अभ्यासकांना मात्र बाखचं हे उसनं फार जड गेलेलं दिसतं. एकोणिसाव्या शतकात त्याला जवळजवळ संत करून ठेवल्यावर, संताच्या नाताळात दरबारी खुशामत निघावी, हे पचेना. मग कुणी म्हणालं, ही गाणी चर्चसाठीच मनात होती, दरबार हे निमित्त. कुणी म्हणालं, बाखच्या हाती आलं की सगळंच पवित्र. हे दुसरं मला मुळीच पटत नाही. पवित्र करण्यासाठी त्यानं त्या गाण्याला हातही लावलेला नाही! पट्टी बदलली, वाद्यं बदलली, संपलं. माझं म्हणणं उलट आहे. वासनेचं गाणं खोटं असतं तर ते वासनेच्याच उपयोगाचं नव्हतं. भुलवायला निघालेली बाई डोळे मिचकावत, कंबर हलवत गायली असती तर अकरा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. तिला खरोखर झोप आणणारं गाणं हवं होतं, ज्याच्यापुढे शहाणा माणूसही हातातली गदा खाली ठेवेल. बाखनं तिला ते दिलं, काहीही राखून न ठेवता. मग ते आईला का चालू नये? बाळाच्या पाठीवरच्या थोपटण्यात आणि त्या थोपटण्यात हाताचा फरक नाही. फरक आहे तो झोपणारा उठेल तेव्हा काय होणार याचा, आणि ते काही गाण्याच्या हातात नाही.

सगळीकडे हे असं बसतंच, असंही नाही. पहिल्या भागात 'सियोने, सजून राहा' असं अल्टोचंच एक गाणं आहे; सियोन म्हणजे यरुशलेम, इथे नवरी मानलेली. लाडक्याची वाट बघ, नवरीसारखी उत्सुक हो, असं. ते मुळात हर्क्युलिसचं: मी तुझं ऐकणार नाही, मला तू नकोस, पाळण्यात असताना माझ्यावर चालून आलेले साप मी कधीच चिरडले आहेत. नकाराचं गाणं उचलून स्वागताला लावलं. कार्यक्रमात मला ते नुसतं गोड वाटलं होतं. आता घरी रेकॉर्डिंग लावलं की त्या स्वरांत एक हट्टीपणा ऐकू येतो, तळाशी काहीतरी वेटोळी घालत असतं, आणि ही नवरी सजतेय की भांडतेय असा प्रश्न पडतो. वाईट वाटत नाही. उत्सुक नवऱ्या भांडतातही.

आजी याच शहरातल्या. पूर्व जर्मनीच्या काळात लहानाच्या मोठ्या झालेल्या, चर्चच्या वृंदात उमेदीची सगळी वर्षं गायलेल्या. त्यांना अख्खा ओरॅटोरिओ पाठ होता. पहिल्या भागात मंडळींनी म्हणायचं एक साधं स्तोत्र येतं, 'मी तुझं स्वागत कसं करू', आणि तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. ती चाल मी ओळखली, कारण गुड फ्रायडेच्या संगीतात ती काट्यांच्या मुकुटाच्या स्तोत्राला असते. इथे सगळे तिला मरणाशी जोडतात. बाळ अजून जन्मलं नाही तोच त्याच्या क्रुसाची चाल. मला हे केवढं खोल वाटलं होतं! कार्यक्रम संपल्यावर, टाळ्या थांबल्यावर, मी आजींना तसं म्हणाले. त्यांनी हातमोजे चढवता चढवता माझ्याकडे पाहिलं. "पण ती त्याच्याही आधी प्रेमाचं गाणं होती," त्या म्हणाल्या. "एका मुलीनं डोकं फिरवलंय, असं." तेही खरं निघालं, हास्लर नावाच्या संगीतकाराचं, १६०१ सालचं. असा एकेक पापुद्रा काढत गेलं की आत कुठेतरी कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागलेला असायचाच. सहाव्या भागाच्या शेवटी हीच चाल तुताऱ्या-नगाऱ्यांच्या लवाजम्यात विजयाची होऊन येते, ते ऐकायला तुम्ही जानेवारीत परत या, असं बजावून आजी ट्रामकडे गेल्या.

पाळण्याचं रेकॉर्डिंग मी त्याच रात्री मावशीला व्हॉट्सॅपवर पाठवलं. दत्तजयंती आठवड्यावर आलेली, तिच्या मंडळाची तालीम चाललेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"चाल गोड आहे गं," ती म्हणाली. "पण केवढी लांब! दत्तमहाराज झोपून उठतील आणि आमचा पाळणा चालूच." मग तिनं फोनवरच 'जो बाळा जो जो रे जो' त्या चालीत घालून बघितलं. पहिल्याच 'जो'वर अडली. त्या बाईइतकं तिथे थांबायचं तर मंडळातल्या एकीचाही श्वास पुरणार नाही, असं तिचं मत पडलं. पुन्हा म्हटलं, 'जो'चे दोन तुकडे केले, मधे एक टाळी घातली. आता बसलं. पेटीवर काळी दोनमध्ये घेऊ, मधला सगळा भाग काढून टाकू, दोन कडव्यांपुरती पुष्कळ झाली. मी तिला बाखचं सांगितलं, राणीचं सांगितलं, युवराजाचं सांगितलं. ती हं-हं करत होती, पण तिचं लक्ष टाळीकडेच होतं. मग हर्क्युलिस आणि वासनेचंही सांगितलं. त्यावर मात्र ती क्षणभर गप्प झाली.

"ते मंडळात कुणाला बोलू नकोस हं," मावशी म्हणाली. "चर्चमधलं आहे म्हणून सांगू. तेवढं चालतं."